ई-२५ चा अर्थ घरच्यांनाही सांगा

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली यांस,



आपल्या विभागाकडे एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. घरगुती डिशवॉशर अडला की त्याच्या पडद्यावर एखादा कोड उमटतो. त्या कोडचा पूर्ण अर्थ, त्यामागची संभाव्य कारणं आणि घरच्या घरी काय तपासायचं, हे सगळं ग्राहकाला त्याच्या भाषेत देणं कंपन्यांवर बंधनकारक करावं. आणि भारतीय मानक ब्युरोने हे कोड सर्व कंपन्यांसाठी एकसारखे ठरवून द्यावेत.

आत्ताच हे का, तर २०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या मावशींचं येणं थांबलं आणि तोवर आपल्याकडे क्वचितच दिसणारं हे यंत्र पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरांत भराभर येऊन बसलं. त्या वेळी घेतलेल्या यंत्रांची वॉरंटी केव्हाच संपली आहे. गाळणीत, पंपात, हीटरवर जे काही वर्षानुवर्षं साठत गेलं, ते याच वयात अडचण होऊन समोर येतं. तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवून मी निवृत्त झाले. तेव्हापासून शेजारपाजारचे, ओळखीचे लोक अडलेला डिशवॉशर दाखवायला बोलावतात. तिथे जे वारंवार पाहिलं त्याच्या आधारावर सांगते : कोड आला म्हणजे यंत्र मोडलं असं बहुतेक वेळा नसतं. यंत्राने धोका ओळखला आणि ते थांबलं, एवढंच झालेलं असतं. धोका कुठे आहे हेही ते सांगत असतं. ते ऐकून घेण्याची सोय घरातल्या माणसाला कुणी करून दिलेली नाही.

सगळ्यात जास्त भेटणारी तक्रार पाणी बाहेर न जाण्याची. बॉश आणि सीमेन्सच्या यंत्रांवर ई-२४ म्हणजे पाण्याचा निचरा होत नाही आणि ई-२५ म्हणजे निचऱ्याचा पंप अडकला आहे किंवा त्याचं झाकण जागेवर बसलेलं नाही. ई-२४ आला तर पहिली नजर सिंकखाली टाकावी. बॉटल ट्रॅप बदलताना किंवा ओट्याखाली डबे कोंबताना निचऱ्याची नळी मुडपलेली असते आणि ते कुणाच्या लक्षातही नसतं. ई-२५ साठी थोडे हात ओले करावे लागतात. आधी प्लग काढायचा. खालचा ट्रे बाहेर घ्यायचा, तळातली गाळणी फिरवून उचलायची, साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्यायचं. मग पंपाचं छोटं झाकण चमच्याच्या टोकाने उचकून काढायचं. हातमोजे घालूनच, कारण तिथे काचेची कपची असू शकते. शिवाय लिंबाची बी असते, कढीपत्त्याचा देठ असतो, तारेच्या घासणीचा तुकडा असतो, बरणीवरून सुटलेल्या लेबलचा लगदा असतो. आपल्या जेवणाचं खरकटं युरोपातल्या ताटातल्या खरकट्यासारखं नसतं. फोडणीची मोहरी आणि भाताची शितं गाळणी फार लवकर बुजवतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुस्तिकांत ती सहसा नसते. झाकण काढल्यावर आतलं पंपाचं चक्र बोटाने फिरवून पाहिलं तर ते सरळ फिरत नाही, अडखळत आणि झटके देत फिरतं. माणूस घाबरतो, पंप गेला असं समजतो. प्रत्यक्षात त्या छोट्या मोटारीच्या रोटरमध्ये कायम चुंबक असतो आणि त्याच्या ओढीमुळे ते तसंच फिरायला हवं. अजिबात फिरत नसेल किंवा कुठेतरी घासत असेल तरच काळजी. ही एक ओळ छापलेली असती तर चांगला पंप बदलून पैसे घालवण्याची वेळ कितीतरी घरांवर आली नसती.

दुसरी तक्रार पाणी आत न येण्याची. एलजीच्या यंत्रावर तेव्हा आयई दिसतं, सॅमसंगच्या यंत्रावर ४ई किंवा ४सी. नळ बंद राहिला असेल तर तो उघडला की काम झालं. नळ चालू असेल तर तो बंद करून पाण्याची नळी सोडवायची आणि तिच्या तोंडाशी बसवलेली बारीक जाळी पाहायची. टँकर आणि बोअरच्या पाण्यातली रेती, जुन्या जीआय पाइपमधला गंज, चुन्याचे कण या जाळीवर बसतात. जुन्या टूथब्रशने ती साफ होते. मात्र नळाजवळच प्लास्टिकची पेटी असलेली गळतीरोधक नळी असेल, तर ती पेटी पाण्यात बुडवायची नाही. तिच्या आत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो.

जाळी स्वच्छ असूनही कोड येतच राहिला, तर इमारतीकडे पाहावं लागतं. हा भाग खास आपल्या देशाचा आहे. पाण्याचा दाब उंचीतून येतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या १ मीटर वर असेल तर साधारण ०.१ बार दाब मिळतो. अनेक कंपन्या किमान ०.५ बार मागतात. म्हणजे टाकी यंत्राच्या ५ मीटर वर हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घराला गच्चीवरच्या टाकीतून एवढी उंची मिळत नाही, आणि वाटेतल्या पाइपांचं घर्षण त्यातूनही थोडं खातं. तिथे दर आठवड्याला कोड येतो. आमच्या भागातल्या एका घरात अशा वेळी तंत्रज्ञाने आधी आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला, मग कंट्रोल बोर्ड बदलायला सांगितलं. घरमालकांनी शेवटी प्रेशर पंप बसवला आणि कोड येणं बंद झालं. यंत्र पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होतं. ‘दाब कमी असू शकतो, तुमची टाकी किती उंच आहे ते पाहा’ असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं, तर त्या कुटुंबाचा खर्चही वाचला असता आणि चांगले सुटे भाग भंगारात गेले नसते.

गळतीचा कोड या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, कारण तो पाहून लोक एकतर अतिशय घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. बॉशवर तो ई-१५ असा येतो. यंत्राच्या बुडाशी एक ट्रे असतो, त्यात हलका तरंगता तुकडा असतो. ट्रेमध्ये पाणी साठलं की तुकडा वर उचलला जातो, स्विच दाबला जातो, यंत्र पाणी घेणं थांबवतं आणि निचऱ्याचा पंप घरघरत राहतो. पाणी तिथे पोचण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे फेस. डिशवॉशरची पावडर संपली म्हणून सिंकवर ठेवलेलं नेहमीचं भांड्यांचं लिक्विड कुणी आत ओतलं, तर एवढा फेस होतो की तो दाराच्या रबरातून वाट काढून खाली उतरतो. अशा वेळी प्लग काढून, नळ बंद करून ट्रे कोरडा होऊ दिला की यंत्र पूर्ववत चालतं. यंत्र थोडं कलंडवून तळातलं पाणी बाहेर काढण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने स्विच खाली बसतो आणि कोड जातो, हे खरं आहे. पण कारण नळीची गळती असेल, तर ती तिथेच राहते. ट्रे कोरडा केल्यावर काही दिवसांत तोच कोड पुन्हा आला, तर यंत्र चालवायचं नाही, तंत्रज्ञाला बोलवायचं. पुन्हापुन्हा कलंडवून काम रेटलं तर खाली पाणी आणि विजेच्या तारा एकत्र येतात. आपण अर्धवट माहिती दिली की लोक अर्धा उपाय करतात. पूर्ण माहिती न देण्यातला धोका तो हाच.

हीटरच्या कोडबद्दल थोडक्यात. बॉशच्या यंत्रांवर तो ई-०९ असतो. कठीण पाण्याच्या भागात, म्हणजे बोअरवर चालणाऱ्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांत, मिठाचा डबा रिकामा ठेवून यंत्र चालवलं तर चुन्याचा थर चढत जातो. पाणी मऊ करणारं रेझिन मिठाच्या पाण्यानेच पुन्हा कामाला लागतं, आणि हे मीठ स्वयंपाकाचं नसतं. २,००० वॉटच्या हीटरचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे २६ ओहम यायला हवा. मल्टिमीटरवर काहीच जोडणी दिसली नाही, तर हीटर तुटलेला. रोध ठीक असेल तर बोर्डावरच्या हीटर रिलेचा टाका जळलेला असण्याची शक्यता पाहावी लागते, आणि टाका पुन्हा देणं हा पूर्ण बोर्ड बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे. हे काम घरच्यांनी करू नये, असं मी प्रत्येक घरात बजावून सांगते. पण आपल्या यंत्रात काय तपासलं गेलं आणि काय बदललं जातंय हे समजण्याचा अधिकार घरच्यांना आहे. बऱ्याच नव्या यंत्रांत हीटर आणि पाणी फिरवणारा पंप एकाच भागात असतात, त्यामुळे बिल मोठं येतं. एवढं बिल भरणाऱ्याने ‘रोध मोजला का?’ असं विचारलं, तर त्यात गैर काय?

आता पुस्तिकांकडे पाहा. काही कोड त्यांत दिलेले असतात, हे प्रामाणिकपणे मान्य करते. गाळणी, निचरा, नळ, असे मोजके. बाकी सगळ्यांपुढे एकच वाक्य असतं, यंत्र बंद करा आणि सेवा केंद्राशी संपर्क साधा. आधीच्या बिघाडांची नोंद साठवणारी यंत्रंही आहेत. ती नोंद ठरावीक बटणं एकत्र दाबून उघडते आणि ती बटणं कोणती हे फक्त कंपनीच्या माणसाला ठाऊक असतं. यंत्र माझं, त्याच्या पोटातली नोंद मात्र कंपनीची. हे मला मान्य नाही.

त्यात भर अशी की प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी. एलजीच्या डिशवॉशरवर एलई दिसलं तर मोटारीत दोष. सॅमसंगच्या डिशवॉशरवर तेच एलई दिसलं तर पाण्याची गळती. एका यंत्रात धोका विजेच्या मोटारीत, दुसऱ्यात तळाशी साचलेल्या पाण्यात. एका घरात शिकलेलं दुसऱ्या घरात लावायला गेलं तर चुकीचंच निदान होणार. गल्लीतला दुरुस्ती करणारा माणूस, जो अनेक कंपन्यांची यंत्रं पाहतो, त्याला प्रत्येक कंपनीचा वेगळा तक्ता डोक्यात ठेवावा लागतो, आणि तो तक्ताही त्याला अधिकृतपणे मिळत नाही.

हे टाळता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर मोटारगाड्यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना एकसारखी बिघाड-नोंद प्रणाली (ओबीडी) सक्तीची झाली. पी ०३०१ हा कोड आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकतंय, मग गाडी जपानी असो, जर्मन असो वा कोरियन. भारतातही वाहनांना ओबीडीची अट आहे, आणि कोथरूडच्या गॅरेजमधला मुलगा साधं यंत्र लावून कुठल्याही कंपनीच्या गाडीचा कोड वाचतो. इंजिनासारख्या गुंतागुंतीच्या यंत्रासाठी हे करून दाखवलं गेलं, त्याच्या तुलनेत डिशवॉशर फारच सोपा आहे. पाणी येतं, तापतं, फिरतं, जातं. कुठे काय अडलं यासाठी पंधरा-वीस एकसारखे कोड पुरतील.

युरोपीय संघाने निदान माहितीचा प्रश्न तरी सोडवला. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या डिशवॉशरच्या पर्यावरणपूरक रचनेच्या नियमांत पंप, हीटर, बोर्ड, सेन्सर असे सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना किमान ७ वर्षं मिळालेच पाहिजेत अशी अट आहे. दाराचं रबर, पाणी उडवणारे पंखे, गाळणी, ट्रे असे भाग सामान्य ग्राहकालाही १० वर्षं मिळायला हवेत. आणि दुरुस्तीवाल्यांना द्यायच्या माहितीत विद्युत जोडणीचा आराखडा, बिघाडाचे कोड, साठवलेल्या बिघाडांची नोंद कशी उघडायची, हे सगळं नावानिशी लिहिलेलं आहे. युरोपात यंत्रं विकणाऱ्या ज्या कंपन्या आपल्याकडेही विकतात, त्यांच्याकडे ही माहिती तयार आहे. भारतीय दुरुस्तीवाल्याला ती न देण्याचं तांत्रिक कारण मला एकही सापडत नाही.

आपल्या विभागाने या दिशेने पाऊल टाकलेलं आहे, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे. २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा बनवायला समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत घरगुती टिकाऊ वस्तू होत्या. २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झालं. पुढे दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकासाठीही समिती झाली, पण तिचं काम मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरतं राहिलं. स्वयंपाकघरातली यंत्रं मागे पडली. पोर्टलवर कंपन्या स्वेच्छेने माहिती टाकतात, आणि स्वेच्छेने टाकलेल्या माहितीत सेवा केंद्राचे पत्ते भरपूर असतात, पण कोडचा पूर्ण तक्ता मिळत नाही.

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधल्या कलम २ (११) नुसार ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी ठरते. आपल्या यंत्राच्या पडद्यावर आलेल्या कोडचा अर्थ ही आवश्यक माहिती नसेल, तर कोणती असेल?

कंपन्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करतील. लोक स्वतः उघडायला जातील, शॉक बसेल, असं म्हणतील. या मुद्द्याला मी हलकं लेखत नाही, आयुष्यभर विद्यार्थ्यांना वीज कशी हाताळायची हेच शिकवलं. पण सुरक्षितता माहिती लपवून येत नाही. कोडसोबत लिहा की प्लग काढा, नळ बंद करा, हे तुम्ही करा, याच्या पुढचं तंत्रज्ञाला करू द्या. नळी, जाळी, गाळणी, पंपाचं झाकण, मीठ आणि पावडर ही घरच्यांची हद्द. पत्रा काढून जिथे तारा दिसतात तिथे ती संपते. ही सीमा स्पष्ट आखलेली असेल तर लोक ती पाळतात. आज सीमाच आखलेली नाही. माणूस वैतागून कुणाच्यातरी सांगण्यावरून यंत्र मागून उघडतो, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

भाषेचं काय? पुष्कळ घरांत हे यंत्र चालवतात त्या घरकामाच्या मावशी. बटण त्या दाबतात, कोड आधी त्यांना दिसतो. मराठी त्या वाचतात, इंग्रजी पुस्तिका त्यांच्या उपयोगाची नाही. पडद्यावर ई-२४ आल्यावर दाराच्या आतल्या बाजूला मराठीत ‘निचऱ्याची नळी मुडपली आहे का पाहा’ असं लिहिलेलं असेल, तर दुपारी घरी कुणी नसताना त्या स्वतः ती सरळ करतील. यासाठी फार काही लागत नाही. दाराच्या आत चिकटेल असा एक टिकाऊ तक्ता आणि पूर्ण माहितीसाठी स्कॅन करायचा एक चौकोन. फ्रिजवर ऊर्जा-बचतीच्या ताऱ्यांची पट्टी आपण सक्तीने लावली आणि ती लोक वाचायला शिकले. हेही शिकतील.

म्हणून माझी विनंती अशी. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डिशवॉशरसोबत त्याच्या सर्व कोडचा तक्ता, संग्रहित बिघाडांची नोंद उघडण्याची रीत आणि घरच्या उपायांची मर्यादा इंग्रजी व हिंदीखेरीज त्या राज्याच्या भाषेत द्यावी, असा नियम करावा. दुरुस्तीवाल्याला, तो कंपनीचा असो वा नसो, तांत्रिक पुस्तिका विकत का होईना पण मिळालीच पाहिजे. बिलावर कोड, केलेली तपासणी आणि बदललेला भाग लिहिणं सक्तीचं असावं. आणि भारतीय मानक ब्युरोने, जो आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहे, पाणी येणं, निचरा, गळती, हीटर, मोटार आणि सेन्सर यांच्यासाठी एकसारख्या कोडचं मानक ठरवावं. डिशवॉशरवर ते बसलं की वॉशिंग मशिनवर बसवायला वेळ लागणार नाही, कारण दोन्हींच्या पोटात जवळजवळ तेच भाग आहेत.

हे पत्र वाचणाऱ्या ग्राहकांनाही एक सांगणं आहे. तंत्रज्ञ आला की पडद्यावरच्या कोडचा फोटो आधी काढून ठेवा, बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर कारण लिहून घ्या. कुणी कोडचा अर्थ सांगायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारी नोंदल्या गेल्या तर विभागालाही नियम करायला आधार मिळेल.

दरवर्षी २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो. येत्या ग्राहक दिनापर्यंत या नियमांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर करावा, ही नम्र विनंती.

आपली,
पुण्यातील एक ग्राहक आणि निवृत्त शिक्षिका